पिवळा बावटा : मुंबई बंदरातलं कारंटीन नक्की कोणासाठी होतं?

गोदीकाठ

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज वेळ मिळालाय तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी २२ वर्षं एका शिप चँडलरकडे काम केलं. म्हणजे बाहेरून आलेल्या बोटीला कांदे-बटाटे, मटण, पालेभाजी, दोरखंड, रंगाचे डबे, साबण असं सगळं पुरवायचं. पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावरून लाँच भरायची, पोती खाली, बर्फातले खोके वर, आणि कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सगळ्यात वर. नांगर टाकलेल्या बोटीपाशी पोचलो की आधी मान वर करून बघायचं, पिवळा बावटा खाली आलाय का. वर असेल तर याचा अर्थ बोट सांगतेय, 'आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, आम्हाला प्रॅटिक (म्हणजे बंदरात यायची परवानगी) द्या'. पोर्ट हेल्थचा डॉक्टर येऊन कागद बघून सही करेपर्यंत ना कोणी खाली उतरू शकत ना आम्ही वर चढू शकत. एकदा आम्ही नऊ तास लाटांवर हेलकावे खात बसलो होतो, ऊन चढलं तशी कोथिंबीर पिवळी पडत गेली आणि शेवटी अर्धा माल समुद्रात टाकावा लागला. आता हे सगळं ईमेलवर होतं म्हणे.

तेव्हा मला या बावट्याचा फार राग यायचा. पुढे निवृत्त झाल्यावर मुंबई बंदराचा इतिहास वाचायला लागलो आणि कळलं की आपल्याकडे हा नियम कधी कोणाला लावायचा आणि कधी कोणाला सोडायचं याची भली मोठी कथा आहे.

थोडक्यात सांगतो. १८६५ साली मक्केला यात्रेच्या वेळी कॉलऱ्याची मोठी साथ आली, तिथून ती इजिप्तला आणि पुढे युरोपात गेली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला सगळ्या देशांची परिषद भरली आणि तिथे बोट हिंदुस्थानकडे दाखवलं गेलं की रोग यांच्याकडून येतो, यांच्या जहाजांना अडवा. लगेच १८६९ला सुएझ कालवा उघडला. त्या कालव्यातून जाणाऱ्या मालवाहतुकीत तीन चतुर्थांशाच्या आसपास जहाजं ब्रिटिशांची. म्हणजे कारंटीन (आजचं क्वारंटाइन) कडक झालं की नुकसान कोणाचं, तर ब्रिटिश व्यापाऱ्याचं. मग पुढची जवळजवळ तीस वर्षं ब्रिटिश सरकार आणि इथलं सरकार प्रत्येक परिषदेत हेच सांगत राहिलं की कारंटीनचा काही उपयोग नाही, रोग हवेतून, घाणीतून, जागेच्या दोषातून होतो. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर कनिंगहॅम यांनी कॉलरा संसर्गजन्य आहे हेच मान्य केलं नाही. १८८४ला जर्मन शास्त्रज्ञ कॉखने कलकत्त्यात येऊन कॉलऱ्याचा जंतू दाखवला तरी सरकार बधलं नाही.

आणि मग सप्टेंबर १८९६. मुंबईत बंदराला लागून असलेल्या मांडवीत प्लेग सापडला. पुढच्या चार-पाच महिन्यांत याच सरकारने जे नियम आणले ते बघितले तर हेच का ते कारंटीनला विरोध करणारे असा प्रश्न पडतो. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा झाला (तोच जो २०२०च्या मार्चमध्ये आपल्याला लागू झाला). आणि १६ फेब्रुवारीला व्हेनिसमध्ये प्लेगवरची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. मधे १२ दिवस! हिंदुस्थानचा माल युरोपच्या बंदरांत नाकारला जाईल ही धास्ती होती, त्यामुळे आम्ही कसे कडक आहोत हे दाखवणं भागच होतं. त्या कडकपणाखाली कोण आलं? डेकवर बसून जाणारा माणूस, हाजी, गिरणीवाला, कोकणातला चाकरमानी.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम रोगाकडे बघून केला गेला नाही, व्यापाराकडे बघून केला गेला. ज्यांच्याकडे घरातल्या आठवणी असतील, कागद असतील त्यांनी कृपया लिहा.

---

हर्णैकर

काका फार छान लिहिलंयत. कारंटीन हा शब्द किती वर्षांनी ऐकला!! माझी आजी हाच शब्द वापरायची. कोणी घरात तोंड फुगवून वेगळं बसलं की 'काय कारंटीनात बसलास काय रे' असं म्हणायची. लहानपणी वाटायचं हा आमच्याकडचा गावठी शब्द असेल.

तिच्या सासऱ्यांची गोष्ट ती सांगायची. ते मुंबईत गिरणीत होते, प्लेग आल्यावर आगबोटीने गावाला निघाले. आगबोट किनाऱ्याला लागायची नाही, बाहेर उभी राहायची आणि पडावातून माणसं उतरवायची. तर पडाव वाळूला टेकला तरी उतरू देईनात. आधी एकेकाला हात वर करायला लावून काखेत चाचपलं, मग जांघेत, गाठ आहे का बघायला. बायकांचंही तसंच, आणि तेही सगळ्या बंदरासमोर. आजीची सासू बरोबर होती, तिने पदर तोंडात धरला आणि नंतर आयुष्यात पुन्हा आगबोटीत बसली नाही, मुंबईला यायचं तर घाट चढून पुण्यावरून आली. मग दहा दिवस किनाऱ्यावर झावळ्यांच्या खोपटात ठेवलं. अंगावरचे कपडे उकळले, गाठोड्यातलं गोधडं जाळलं. ते गोधडं आजीच्या सासूच्या आईने शिवलेलं होतं. हे सांगताना आजीच्या डोळ्यात पाणी यायचं, तिने तर ते गोधडं बघितलंही नव्हतं.

---

भायखळा_कट्टा

वाचतोय. एक शंका, मुंबईत हे सगळं रँडने केलं ना? चाफेकर बंधूंनी मारला तो?

---

गोदीकाठ

@भायखळा_कट्टा नाही, रँड पुण्याचा. पुण्याच्या प्लेग कमिटीचा प्रमुख, २२ जून १८९७ला त्याच्यावर गोळी झाडली. मुंबईत आधी पालिका आयुक्त स्नो यांचा कारभार होता, त्यांनी ऑक्टोबर १८९६मध्ये रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात हलवायचा हुकूम काढला, त्यावर एवढा गहजब झाला की त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला आणि हुकूम सैल करावा लागला. मग मार्च १८९७पासून ब्रिगेडियर जनरल गेटॅकर यांची प्लेग कमिटी आली. म्हणजे लष्करी माणूस. घरांवर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवायचे, अर्थ असा की हे घर माणसांनी राहण्याच्या लायकीचं नाही. मार्च १८९८ला परत दंगल झाली, तेव्हा गोदीतले कामगार आणि बैलगाडीवाले यांनीही काम बंद ठेवलं. बंदरच थांबलं म्हटल्यावर सरकारला ऐकावं लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

@हर्णैकर तुमच्या आजीच्या सासूबद्दल वाचून गलबललं. पदर तोंडात धरल्याचं तुम्ही लिहिलंत ते कुठल्याच सरकारी अहवालात मिळणार नाही.

---

माझगावची

गोदीकाठ काका, हाजींचा विषय तुम्ही एका शब्दात उरकलात म्हणून लिहितेय, कारण मी लहानपणापासून मुसाफिरखान्याजवळ वाढले आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

मुंबई हे हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचं सगळ्यात मोठं बंदर. नुसते आपल्याकडचेच नाहीत, अफगाणिस्तान, बुखारापासूनचे लोक इथे येऊन बोटीची वाट बघत आठवडेच्या आठवडे पडून असायचे. दलाल त्यांना लुबाडायचे, तिकीट एकाचं आणि बोट दुसरीच. १८८०मध्ये तर 'जेद्दा' नावाच्या बोटीवरच्या ९००पेक्षा जास्त यात्रेकरूंना सोडून कप्तान आणि गोरे अधिकारी होडीतून पळून गेले, बोट बुडाली म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच बोट ओढून एडनच्या बंदरात आणली गेली, माणसं जिवंत! ती बोट मुंबईहून निघालेली नव्हती, पण त्याने सगळीकडे खळबळ माजली.

मग १८८६ला सरकारने हजच्या प्रवासाचं काम चक्क थॉमस कुक कंपनीला दिलं. हो, तीच टूरवाली. सरकारी कंत्राट. अपेक्षा अशी की कंपनी तिकिटं, रेल्वे, बोट सगळं एका हाती बघेल आणि दलाल संपतील. काही वर्षं चाललं आणि १८९३पर्यंत कंपनीने हात काढून घेतला. गरीब यात्रेकरूकडून सुटतं किती?

आणि खरा छळ पुढे होता. लाल समुद्राच्या तोंडाशी कामरान नावाचं बेट आहे, तिथे १८८२ला तुर्की सरकारने कारंटीन स्टेशन काढलं. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक हाजीला तिथे उतरवायचे, दहा दिवस, कधी जास्त. उघडं वाळवंट आणि झावळ्यांची खोपटी. फी हाजीनेच भरायची, आणि पाणी, लाकूड, खाणं विकतच घ्यायचं, तेही तिथल्या भावाने. जेद्दाला ब्रिटिशांचे उपवकील (व्हाइस कॉन्सल) म्हणून डॉ. अब्दुर रझ्झाक होते, आपलेच हिंदुस्थानी डॉक्टर, ते या तक्रारी वर कळवत राहिले. १८९५ला जेद्दाच्या बाहेर त्यांचा खून झाला. निर्जंतुकीकरणाची यंत्रं आणि कारंटीन यावरून लोकांत जो राग होता त्यात हा माणूस गेला. मला दरवेळी त्यांचं वाईट वाटतं, दोन्ही बाजूंनी मधे सापडलेले.

१८९७ला तर मुंबईहून हज बंदच केली. जे सरकार तीस वर्षं म्हणत होतं की आम्ही धर्मात ढवळाढवळ करणार नाही त्यांनी व्हेनिसच्या परिषदेच्या तोंडावर हे केलं. सो काकांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

---

स्टेथो

धागा आवडला पण एका बाबतीत असहमती नोंदवतो. मी डॉक्टर आहे, सार्वजनिक आरोग्यात काम केलंय.

कारंटीन ही कल्पनाच लबाड होती असा सूर निघू नये. जो माणूस रोगाच्या जागेतून आलाय त्याला काही दिवस वेगळं ठेवणं हे आजही बरोबर आहे. १८९६मध्ये कोणालाच प्लेग कसा पसरतो हे माहीत नव्हतं. डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवीत पहिला रोगी ओळखला (मूळचे गोव्यातले, हडफड्याचे, मेट्रो सिनेमाजवळ पुतळा आहे, जाता-येता नक्की बघा). जंतुशास्त्रज्ञ हाफकिन ऑक्टोबरमध्ये आले, तीन महिन्यांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना दिली. हे सगळे जीव तोडून काम करणारे लोक होते.

उंदरावरची पिसू हा दुवा पॉल-लुई सिमोंने जून १८९८मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवला, आणि त्यालाही पुढची कित्येक वर्षं कोणी गंभीरपणे घेतलं नाही. तेव्हा माणसांना अडवलं ते अज्ञानातून, प्रत्येक वेळी व्यापाराचं कारण लावू नका.

---

गोदीकाठ

डॉक्टर, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लिहिण्यात तो सूर आला असेल तर तो मी मागे घेतो. कारंटीन नकोच असं मला म्हणायचं नाहीये, बावटा बघूनच मी २२ वर्षं बोटीवर चढलो.

पण अज्ञान सगळ्यांनाच सारखं होतं, मग त्याचा भार सारखा का नाही पडला? मांडवी म्हणजे काय, शब्दाचाच अर्थ जकात घ्यायची जागा. बंदराला चिकटून धान्याची वखारं, वर चाळी. वखारीत उंदीर मरून पडतायत हे हमालांना, मुकादमांना दिसत होतं. व्हेनिसच्या करारात कुठला माल रोखता येईल याची यादीच आहे, चिंध्या, वापरलेले कपडे, अंथरुणं, कच्ची कातडी वगैरे. म्हणजे गरिबाचं गाठोडं यादीत. धान्याचं पोतं मात्र मोकळं, आणि पिसवा घेऊन उंदीर फिरला तो त्या पोत्यांबरोबर. हर्णैकरांचं गोधडं जळलं आणि तांदूळ पुढे गेला.

१८९१ला मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, १९०१ला ७,७६,००६. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत घटली.

---

निविदावाला

मी सरकारी खरेदी खात्यात होतो, त्यामुळे बंदर म्हटलं की मला रोगापेक्षा कंत्राटं आधी दिसतात. दोन गोष्टी सांगतो.

एक, भाऊचा धक्का. काकांनी पहिल्याच परिच्छेदात उल्लेख केलाय पण हे भाऊ कोण हे फार जणांना माहीत नसतं. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. कुलाब्याला कंपनी सरकारचा तोफगाड्यांचा कारखाना होता तिथे ते कामाला होते, कॅप्टन रसेलच्या हाताखाली, म्हणून लोक 'भाऊ रसूल' म्हणायचे. त्या काळी बोटीतून उतरणाऱ्या माणसाला चिखलातून, खडकातून चालत यावं लागायचं. भाऊंनी सरकारशी करार करून समुद्रात भर घातली, शहराचा कचरा वापरून, आणि क्लेअर बंदर, कर्नाक बंदर उभी राहिली. त्याच्या बदल्यात त्यांना धक्क्याचं उत्पन्न. म्हणजे आज ज्याला आपण बांधा-वापरा-हस्तांतरित करा म्हणतो त्याचा हा १८४०च्या आसपासचा मराठी नमुना. आत्ताचा धक्का त्या मूळ जागी नाही पण नाव राहिलं. सरकारने नंतर १८७३ला पोर्ट ट्रस्ट काढून बंदर एका हाती आणलं, ससून डॉक १८७५चा, प्रिन्सेस डॉक १८८०चा, व्हिक्टोरिया १८८८चा, पण सुरुवात आपल्या माणसाच्या कचऱ्याच्या भरावाने झाली याचा मला मनापासून अभिमान आहे.

दुसरी, ॲबिसिनियाची (आजचा इथिओपिया) मोहीम, १८६७-६८. सम्राट टेवोड्रोसने काही युरोपियनांना कैद केलं म्हणून सर रॉबर्ट नेपियर मुंबईहून फौज घेऊन गेला. १३,००० सैनिक, त्याहून जास्त बाजारबुणगे, ४०,०००च्या वर जनावरं, त्यात ४४ हत्ती. यातलं बरंचसं मुंबईच्या बंदरातून हलवलं, तेव्हा प्रिन्सेस डॉकही नव्हता! तिकडे झुला नावाच्या किनाऱ्यावर प्यायला पाणी नाही, जहाजांच्या बॉयलरमधून वाफ थंड करून पाणी काढायचे, आणि शेकडो खेचरं तहानेने आणि रोगाने मेली. आणि कमिसारियटला (फौजेच्या रसद खात्याला) रसद पुरवायचा मक्ता मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या एका गटाला मिळाला, त्यात नसरवानजी टाटा. करार वर्षभराच्या शिध्याचा होता, टेवोड्रोसचा मगदालाचा किल्ला एप्रिल १८६८मध्येच पडला. चरित्रांमध्ये या कंत्राटाचा नफा ४० लाख सांगितला आहे. १८६५च्या कापसाच्या मंदीत हे घराणं अडचणीत आलं होतं, त्यातून ते वर आलं. पुढे चिंचपोकळीची तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, आणि नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला. मोहिमेचा खर्च २० लाख पौंडांचा सांगितला होता तो ९० लाखांच्या घरात गेला आणि लंडनला पार्लमेंटने चौकशी समिती नेमली.

मी नोकरीत असताना शिध्याची बिलं तपासली आहेत, करारातलं 'पुरवठ्याचा कालावधी' हे एक कलम किती पैसे फिरवतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे मांडवीचं पोतं का थांबलं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. पोत्यामागे करार असतो, मुदत असते, दंड असतो. डेकवरच्या माणसामागे यातलं काहीच नसतं.

---

माझगावची

+१०० शेवटच्या परिच्छेदाला.

---

दक्षिणवारा

मी गेली १४ वर्षं डर्बनला आहे, इथून लिहितोय. मुंबई बंदराच्या या कारंटीनची दुसरी बाजू इथे घडली आणि ती तुमच्या धाग्यात यायलाच हवी.

नोव्हेंबर १८९६च्या अखेरीस 'कुरलँड' आणि 'नादेरी' या दोन बोटी मुंबईहून निघाल्या, दोन्ही मिळून ८००च्या आसपास प्रवासी. कुरलँडवर गांधीजी होते, कस्तुरबा, दोन मुलं आणि भाचा बरोबर. १८ डिसेंबरला डर्बनच्या बाहेर पोचल्या. डॉक्टर आला, बोटीवर कोणी आजारी नाही, तरी मुंबई सोडून २३ दिवस पुरे व्हायला हवेत म्हणाला, म्हणजे आणखी पाच दिवस. इथपर्यंत डॉ. स्टेथोंच्या म्हणण्याप्रमाणे ठीक. पण ते दिवस भरले तरी सोडेनात. पहिला डॉक्टर बदलला, नवा आला, मुदत वाढली, जुने कपडे आणि अंथरुणं जाळायला लावली. अंथरूण जळाल्यावर माणसं कशावर झोपणार? सरकारने काही दिलं नाही, शहरातल्या हिंदी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून पांघरुणं आणि खाणं पाठवलं. आणि तिकडे गावात गोऱ्यांच्या सभा चालू, या लोकांना परत पाठवा, उतरू देऊ नका. २३ दिवसांचा हिशोब कुठल्या कुठे गेला. शेवटी १३ जानेवारी १८९७ला उतरले आणि त्याच दिवशी गांधीजींना जमावाने मारलं, पोलीस सुपरिंटेंडेंटच्या बायकोने छत्री उघडून मधे उभं राहून वाचवलं.

त्याच वर्षी नाताळ (डर्बन ज्यात होतं ती ब्रिटिश वसाहत) सरकारने कारंटीनचा कायदा आणि स्थलांतराला आळा घालणारा कायदा असे दोन्ही लागोपाठ केले. रोगाचं आणि माणसाला बाहेर ठेवण्याचं काम इथे उघडउघड एकत्र झालं.

मी पॉइंटवर बंदराच्या तोंडाशी कधीकधी जाऊन उभा राहतो. बाहेर नांगरलेल्या बोटी दिसतात, शहर तिथून इतकं जवळ आहे की रस्त्यावरचे दिवे मोजता येतात. २६ दिवस ते दिवे बघत बसायचं, लहान मुलं बरोबर घेऊन.

---

स्टेथो

कुरलँडचा हा तपशील मला माहीत नव्हता. मुदत भरल्यावरही माणूस अडवून ठेवला तर त्याला वैद्यकीय कारण उरत नाही, तिथे मी तुमच्या सगळ्यांच्या बाजूने आहे. निविदावाल्यांचं करार आणि दंडाचं म्हणणंही पटलं.

गोदीकाठ, उंदरांसाठी बोटींवर नंतर काय करायचे ते तुम्ही प्रत्यक्ष बघितलं असेल ना? आम्ही फक्त पुस्तकात वाचलं.

---

गोदीकाठ

बघितलंय ना डॉक्टर, रोज. बोट धक्क्याला लागली की प्रत्येक दोरावर पत्र्याची मोठी गोल तबकडी अडकवायची, परातीएवढी, मधे खाच. रॅट गार्ड म्हणतात. उंदीर दोरावरून चालत आला की तबकडीशी अडतो. बसवताना खाच दोरावर घट्ट बसली नाही तर तबकडी वाऱ्याने फिरते आणि फट पडते, म्हणून खलाशी तिला सुतळीने बांधायचे. आमच्यातला एक म्हातारा सारंग (खलाशांचा मुकादम) होता, रत्नागिरीकडचा, तो दुसऱ्याच्या बोटीवरची तबकडी वाकडी दिसली तरी थांबून हाका मारायचा, 'अरे ती सरळ करा'. लोक वैतागायचे पण करायचे. मी एकदा विचारलं एवढं काय आहे त्यात, तर म्हणाला आमच्या घरातली सात माणसं एका महिन्यात गेली असं आज्याने सांगितलं होतं, आज्या मांडवीत हमाल होता.

तेव्हा मला मांडवीचं काही माहीत नव्हतं. मी बरं म्हटलं आणि बटाट्याची पोती मोजायला गेलो. आज तो असता तर बसून सगळं विचारून घेतलं असतं.